मुलांच्या मनावर कोसळलेली दरड
(इर्शाळवाडीच्या निमित्ताने थोडा इतिहास)

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघते आहे, त्यात मास्तरांनी काहीतरी लिहिलेच पाहिजे, असा तरुण कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. विषय तुमच्या मनाचा घ्या म्हणाले. माझ्या मनात गेली कित्येक वर्षे एकच विषय सलतो आहे, तोच घेतो. वाचकांनी गोड मानून घ्यावा असा तो नाही, पण प्रत्येक आईबापाच्या कामाचा आहे.

२६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. उल्हास नदीने पात्र सोडले आणि कर्जत तालुक्यातल्या नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. त्या वेळी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. पुराची रात्र त्याने आजीबरोबर माळ्यावर बसून काढली. शेजारचे घर त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेले. शाळा पुन्हा भरली तेव्हा तो आला, पण पहिला राहिला नव्हता. पत्र्यावर पावसाची सर वाजली की पाटी टाकून दाराकडे पळायचा. पाढे घडाघडा म्हणणारे पोरगे मध्येच थांबून कुठेतरी बघत बसायचे. मी एकदा समजावले, दोनदा समजावले, तिसऱ्यांदा छडी मारली आणि ओसरीवर उभे केले. बाहेर पाऊस चालू होता. तो रडला नाही, नुसता थरथरत होता. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेला, असे कळले.

मी त्याला खोडकर समजलो होतो. तो खोडकर नव्हता, घाबरलेला होता. हे कळायला मला बरीच वर्षे लागली, आणि पक्के कळले ते इर्शाळवाडीच्या वेळी.

इर्शाळवाडी

१९ जुलै २०२३, बुधवारची रात्र. खालापूर तालुक्यात चौकच्या वर, इर्शाळगडाच्या पायथ्याला असलेल्या ठाकरांच्या वाडीवर डोंगराचा कडा खाली आला. वाडीत सव्वादोनशेच्या आसपास माणसे. बहुतेक सारी झोपलेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, पायवाटेने तास-दीड तास चढून जावे लागे. त्यामुळे मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. जवानांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी भर पावसात कुदळ-फावड्याने माती उपसली. चार दिवसांत २७ मृतदेह हाती लागले. २३ जुलैला शोध थांबवला, तेव्हा ५७ माणसे बेपत्ताच होती. जिथे होती तिथेच ती मातीखाली राहिली. सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते.

वाडीतली काही पोरे त्या रात्री शाळेच्या इमारतीत होती, म्हणून वाचली. काही मुले शिकायला आश्रमशाळेत राहत होती, तीही वाचली. त्या आश्रमशाळेतल्या मुलाचा विचार करा. त्याच्या अंगावर मातीचा कणही पडला नाही, अंगावर ओरखडा नाही, पंचनाम्यात त्याचे नाव जखमी म्हणून येणार नाही. पण घरी जायचे म्हटले तर घर नाही, वाडी नाही, आई नाही, आणि आईचे तोंड शेवटचे बघायलाही मिळालेले नाही. या मुलाची जखम कोणत्या रकान्यात लिहायची?

त्याच वर्षी १५ एप्रिलच्या पहाटे, जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, बोरघाटात शिंग्रोबा मंदिराजवळ एक बस दरीत कोसळली होती. पुण्याकडचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतणाऱ्या झांज पथकाची ती बस. १३ जण गेले, त्यात कोवळ्या वयाची मुले होती. जी वाचली तीही मुलेच. त्यांचे हातपाय प्लास्टरमध्ये घातले गेले, ते सगळ्यांना दिसले. शेजारच्या सीटवरचा दोस्त गेल्याचे प्लास्टर कुठे घालतात?

आपल्याकडे आपत्ती आली की किती गेले ते मोजतात, किती घरे पडली ते मोजतात, मदतीचे धनादेश मोजतात. हे करावेच लागते. मुलाचे मन मात्र मोजणीत सगळ्यांच्या शेवटी येते, आणि पुष्कळदा येतच नाही. याचा दोष एकट्या सरकारला किंवा एकट्या मास्तरला देऊन भागत नाही, कारण मुलालाही धसका बसतो हे जगातल्या शहाण्या माणसांनाच फार उशिरा उमगले. तो इतिहास थोडक्यात सांगतो.

इतिहास काय सांगतो

पूर्वी डॉक्टरही म्हणत, लहान मुलाला काय कळते, चार दिवसांत विसरेल. आपणही मयताच्या घरी हेच बोलतो. या समजुतीला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. १९३९ च्या सप्टेंबरात बॉम्बहल्ल्याच्या भीतीने लंडनसारख्या शहरांतून लाखो मुले खेड्यापाड्यांत परक्या घरी पाठवली गेली. हेतू चांगला होता, जीव वाचावा हा. पुढे अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन बायांनी लंडनमध्ये हॅम्पस्टेड भागात युद्धात घरदार विस्कटलेल्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली आणि मुलांच्या वागण्याची रोजच्या रोज नोंद ठेवली. त्यांना असे दिसले, की आईच्या कुशीत बसून बॉम्बचे आवाज ऐकलेले मूल पुष्कळदा सावरते; पण सुरक्षित जागी एकटे नेऊन ठेवलेले मूल आतून खचते. म्हणून त्यांनी चार-पाच मुलांना एक ठरलेली बाई दिली. तीच भरवणार, तीच निजवणार. मुले तिला चिकटली आणि हळूहळू बोलू लागली. मुलाला छप्पर लागतेच, पण त्या छपराखाली आपले माणूसही लागते. हा पहिला धडा.

आपला देशही अगदीच मागे नव्हता. मुंबईत नागपाड्याला १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. देशातले हे पहिले समजतात. म्हणजे कर्जत स्टेशनवरून गाडीत बसले की पोचता येईल एवढ्या अंतरावर ही सोय ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी निघाली. घाट चढून आपल्या वाड्यावस्त्यांवर मात्र ती आली नाही.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. १९७६ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या चाऊचिला गावी शाळेच्या बससह २६ मुलांना गुंडांनी पळवले आणि जमिनीत पुरलेल्या एका गाडीच्या डब्यात कोंडले. सोळाएक तासांनी बसचा चालक आणि मुले वर खणत बाहेर आली. सगळी जिवंत, सगळी धडधाकट. गावाला वाटले, सुटलो. पण लेनोर टेर या बालमानसोपचार तज्ज्ञ बाईने त्या मुलांना भेटून, पुन्हा चार-पाच वर्षांनी भेटून पाहिले, तर एकही मूल कोरडे सुटलेले नव्हते. कोणाला अंधाराची भीती, कोणाला गाडीची. काही जण तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळात खेळत होती, आणि त्या खेळात गंमत नव्हती. आपण मोठे होणारच नाही, असे काहींना वाटत होते. १९८० साली अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांनी आघातानंतरच्या या आजाराला अधिकृत नाव दिले. मोठ्यांसाठी दिलेले ते नाव मुलांनाही लागू पडते, हे अशा अभ्यासांतून सिद्ध झाले. काळ जातो तशी भीती आपोआप जातेच असे नाही. हा दुसरा धडा.

मग आपली किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून गावे झोपलेली, चार वाजायच्या सुमारास जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादकडची दगडामातीची घरे माणसांवर बसली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला, भूकंपाच्या मुलखाजवळच, ‘आपलं घर’ उभे केले. दोन्ही कामे मोठी आहेत, त्यांतून मुले शिकून उभी राहिली. पण तेव्हापासून एक प्रश्न महाराष्ट्रापुढे आहे: आपत्तीतल्या मुलाला उचलून न्यायचे, की त्याच्या मुलखातच त्याच्या आजी-मामा-भावंडांसह सावरायचे? लंडनचा धडा सांगतो, की नेणे भागच असेल तर भावंडे फोडू नका, आणि नात्याचे माणूस उरले असेल तर आधी त्या माणसाला बळ द्या.

१९९९ च्या ऑक्टोबरात ओरिसाला महाचक्रीवादळ झाले. वर्ष उलटून गेल्यावर तिथल्या शाळकरी किशोरवयीन मुलांची तपासणी झाली, तेव्हा दर चारांत एकाच्या आसपास मुलाला हा आजार असल्याचे आढळले. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने आणखी एक वाट दाखवली. एवढ्या मुलांना पुरतील इतके डॉक्टर आणायचे कुठून? म्हणून त्यांनी गावचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बाया यांनाच शिकवून तयार केले. चित्र काढून घेणे, गोष्ट सांगणे, खेळ घेणे, मुलाचे ऐकणे आणि जास्त त्रास असलेले मूल ओळखून डॉक्टरकडे पोचवणे. हा तिसरा धडा, आणि आपल्यासारख्या तालुक्यांना सर्वांत कामाचा.

धसका फक्त दरडीचा नसतो

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०१ साली साताऱ्याहून चार मुले वडीलधाऱ्यांशिवाय गोरेगावला निघाली. त्यांत नऊ-दहा वर्षांचा भीम होता. आई आधीच वारलेली. मसूर स्टेशनवर उतरली, तर पत्र न पोचल्याने न्यायला कोणी आलेले नाही. जात कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला, गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. रात्रभर पाणी मिळाले नाही, बरोबरचे अन्न तसेच राहिले. बाबासाहेबांनी तीस-पस्तीस वर्षांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हा प्रवास बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. एवढा मोठा विद्वान, जगभर फिरलेला, आणि त्या एका रात्रीचा बारकावाही विसरला नाही. लहान मुले विसरतात म्हणणाऱ्याला हे वाचायला द्यावे.

अपमान हा मुलाच्या मनावरचा आघातच असतो. दारू पिऊन आईला मारणारा बाप, शाळेत जातीवरून मारलेली हाक, ओळखीच्याच माणसाने अंगाला लावलेला हात, चौदाव्या-पंधराव्या वर्षी ठरवलेले लग्न, हे सारे त्यातच येते. आपल्या कर्जत-खालापुरात कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांची शाळा, सोबती, झोपायची जागा दरवर्षी मोडते. एकदम कोसळली तर आपण तिला दरड म्हणतो. रोज थोडी थोडी माती खाली येते तिला नाव नाही.

ओळखायचे कसे?

आपली भाषा शहाणी आहे. तिने ‘धसका’ हा शब्द फार पूर्वीच करून ठेवला आहे. पण धसका बसलेले मूल ‘मला धसका बसलाय’ असे सांगत नाही. लहानगे पुन्हा अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, येत असलेले बोलणे विसरते. शाळकरी पोराचे पोट दुखते, डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, झोपेत ओरडते. वयात आलेला मुलगा उलट बोलतो, मारामारी करतो, गुटखा-दारूकडे वळतो. मुलगी गप्प होते, जेवण टाकते. आपण म्हणतो, लाडावलंय, आळशी झालंय, वाया गेलं. नाहीतर म्हणतो बाहेरचं झालंय, आणि भगताकडे नेऊन अंगारा लावतो. भगताकडे जाणाऱ्या आईला मी हसत नाही. तिला दुसरी वाट कोणी दाखवलेली नसते.

‘हे पोर असं का वागतं?’ हा प्रश्न मी वर्गात हजारदा विचारला. ‘या पोरावर काय गुदरलं?’ असे एकदाही विचारले नाही. आघात ओळखून केलेली देखभाल म्हणून आज जगभर जी शिकवतात, ती या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

उपचार काय असतो?

पुष्कळांना वाटते, डॉक्टर गोळ्या देऊन झोपवून ठेवतील. तसे नाही. मुलांच्या धसक्यावर पहिला उपचार बोलण्याचा आणि वागण्याचा असतो. आधी मूल सुरक्षित आहे ना, मारणारा किंवा छळणारा समोर नाही ना, हे पाहतात. मग छाती का धडधडते ते त्याला समजेल असे सांगतात, श्वास संथ करायला शिकवतात. पुढे चित्रातून, खेळातून, गोष्टीतून झालेला प्रसंग त्याच्या चालीने थोडा थोडा बाहेर येऊ देतात. पालकालाही सोबत शिकवतात. बरोबरीने रोजचा क्रम पुन्हा बसवतात: ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी शाळा, ठरल्या वेळी झोप. शाळा लवकर सुरू होणे हेही औषधच आहे.

काय करू नये तेही सांगतो. दुर्घटनेनंतर लगेच मुलाला गराडा घालून ‘सांग, काय पाहिलंस?’ असे खोदून विचारू नये. कॅमेऱ्यापुढे तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचे सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायला जबरदस्ती नाही. ‘रडू नकोस, तू मोठा आहेस’ हेही म्हणू नये. आई कुठे गेली, असे मुलाने विचारले तर ‘गावाला गेली’ म्हणून फसवू नये. सोप्या शब्दांत खरे सांगावे आणि सांगताना जवळ घ्यावे.

आपले कायदेही हळूहळू याच वाटेने आले आहेत. लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा म्हणतो, की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, पोलिसांनी गणवेशात जाऊ नये, मुलाला आरोपीसमोर आणू नये, पुन्हा पुन्हा कोर्टात बोलावू नये. हे पुष्कळ पालकांना माहीत नसते, म्हणून अब्रूच्या भीतीने ते गप्प बसतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अनाथ आणि संकटातल्या मुलांचा निर्णय जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे दिला आहे. आई किंवा बाप गेलेल्या मुलाला नातेवाइकांकडेच ठेवून आर्थिक मदत देणारी बालसंगोपन योजना राज्यात आहे. २०१७ च्या कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा हक्क ठरवला. १०९८ हा मुलांसाठीचा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला, तो आज देशभर चालतो. मनाच्या त्रासासाठी २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते.

कर्जतजवळ वेणगावला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवण्याचे काम तिथे चालते, आणि त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मनाचा आजार बरा होतो हे आपल्या तालुक्याने डोळ्यांनी पाहिले आहे. मोठे माणूस रस्त्यावर येईपर्यंत थांबायचे, की ते मूल असतानाच हात द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

आपण काय करायचे?

इर्शाळवाडीची वाचलेली कुटुंबे चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहिली. वर्ष फिरून पुढचा पावसाळा आला तेव्हाही ती तिथेच होती. सिडकोने त्यांच्यासाठी पक्की घरे बांधायचे काम घेतले. घर झालेच पाहिजे. पण घराच्या किल्लीबरोबर मुलाची झोप परत येत नाही. ती परत येते की नाही हे बघायला जिल्ह्याचा डॉक्टर रोज येऊ शकत नाही. शेजारीपाजारी, मास्तर, अंगणवाडीच्या ताई हेच बघू शकतात.

आपल्या विहारात संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात. तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलाची झोप, जेवण, सोबत यांवर एखाद्या ताईने, एखाद्या दादाने नजर ठेवावी. महिना उलटूनही मूल दचकत असेल, गप्प असेल, तर उपजिल्हा रुग्णालयात न्यावे, नाहीतर १४४१६ ला फोन लावावा. मरणाची भाषा करत असेल तर महिनाभर थांबू नये, त्याच दिवशी हलावे, आणि तोवर त्याला एकटे सोडू नये. हे दोन्ही नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. फळ्यावर मीच लिहीन. अक्षर अजून बरे आहे.

माझा तो विद्यार्थी आता तिशीच्या आसपास असेल. कदाचित त्याला मुले असतील, ती कुठल्यातरी शाळेत जात असतील. जोराचा पाऊस आला की अजूनही मला ओसरीवर उभे असलेले ते पोर दिसते. त्याची माफी मागायला मला तो सापडला नाही. म्हणून हा लेख लिहिला. तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात असे एखादे मूल असेल तर त्याला आज संध्याकाळी जवळ बसवा. फार काही विचारू नका. ते बोलेल तेव्हा ऐका.